कोकणकड्यावर नेलेलं पाणी

मला डोंगर आवडत नाहीत. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझ्या घरी भिंतीवर कोकणकड्याचा मोठा फोटो आहे आणि येणारा-जाणारा समजतो की म्हातारा तरुणपणी डोंगरवेडा असणार. तो फोटो शाळेने निवृत्तीच्या समारंभात गळ्यात मारलेला आहे. टाकून देता येत नाही म्हणून टांगलाय.

डोंगर चढायला मी शिकलो ते पोटासाठी. बहात्तर साली बी.एड. होऊन अकोले तालुक्यातल्या एका हायस्कुलात हंगामी शिक्षक म्हणून लागलो. नगरात आमच्या घरी तीन पिढ्या कुणी शाळेत, कुणी कचेरीत. हंगामी हा शब्द वडिलांना शिवीसारखा लागायचा. "हंगामी आंबे असतात, माणसं नव्हे," असं ते जेवताना म्हणायचे आणि आई माझ्या ताटात गुपचूप तूप वाढायची. एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी मला आवडली होती. मुलीच्या वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं की कायमची ऑर्डर हातात आली की मग बोलू.

शाळेत आम्ही दोघे हंगामी आणि कायमची जागा एक. भूगोलाची. दुसरा हंगामी राजूरकडच्या एका वाडीवरचा. स्टाफरूममध्ये आम्हाला हंगामी जोडी म्हणत, म्हणून मी त्याला इथे जोडीदारच म्हणतो. तो माझ्यापेक्षा चांगलं शिकवायचा. हे तेव्हाही मला माहीत होतं. नदीचं खोरं शिकवायला तो मुलांना मैदानात नेऊन मातीचा ढीग करायचा आणि वरून तांब्याने पाणी सोडायचा. दुष्काळ पडल्यावर पाणी ओतणं बंद केलं, नुसत्या मातीवर बोट फिरवून सांगायला लागला, तरी मुलं घंटा झाल्यावर हलायची नाहीत. माझ्या तासाला मुलं घंटेच्या आधीच दप्तरं आवरायची.

त्याची बायको दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कडेला काठीला लुगडं बांधून त्या सावलीत पोर झोपवायची आणि दिवसभर हातोडी चालवायची. एकदा तो मला म्हणाला, "कायम झालो का तिला त्या खडीवरनं उठवनार. बास. दुसरं काय मागनं न्हाई आपलं." मी मान डोलावली. मनात म्हटलं, मलाही लग्न करायचंय.

आता निवड कशी व्हायची ते सांगतो, कारण आज कुणाला पटणार नाही. आमच्या मुख्याध्यापकांना सगळे हेडसर म्हणत. सडसडीत माणूस, खाकी अर्धी चड्डी, गळ्यात शिट्टी. त्यांचं डोंगरांवर खरोखर प्रेम होतं. माणसांवरचं सगळं वाचवून त्यांनी ते तिकडे लावलं होतं. महिन्यातल्या एका रविवारी ते निवडक शिक्षकांना घेऊन कुठल्या तरी माथ्यावर जायचे. कळसूबाई झाली, रतनगड झाला, नाव नसलेल्या टेकड्याही झाल्या. हंगामी माणसाला नाही म्हणायची सोय नव्हती. भाकऱ्यांचं गाठोडं आणि भांडी वाहायला कुणीतरी लागायचंच.

आणि त्यांचा एक नेम होता. नगरला भिंगारच्या बाजारातून त्यांनी मिलिटरीच्या सहा जुन्या बाटल्या आणल्या होत्या. वरची गवसणी केव्हाच फाटून गेलेल्या, नुसत्या अल्युमिनियमच्या. पायथ्याला प्रत्येकाने आपली बाटली गळ्यापर्यंत भरायची, बूच लावायचं आणि माथा येईपर्यंत थेंब प्यायचा नाही. माथ्यावर हेडसर एकेक बाटली कानाशी धरून हलवायचे. गच्च भरलेली बाटली आवाज करत नाही. जरा जरी डुचमळली, की हेडसर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "उथळ पाण्याला खळखळाट फार!" कायम असलेले शिक्षक हसायचे. हंगामी असेल तो खाली बघायचा. "ज्याला स्वतःच्या घशावर ताबा ठेवता येत नाही, तो वर्गावर काय ठेवणार?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माझ्या आधीचा एक हंगामी म्हणे रतनगडावर दोन घोट कमी भरला आणि जूनमध्ये परत दिसला नाही.

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात, वार्षिक परीक्षांचे निकाल लागल्यावर, हेडसरांनी सांगितलं, "हरिश्चंद्रगड. कोकणकडा. खाली आलो की त्या जागेचं नाव पक्कं करून वर पाठवायचंय." आमच्या दोघांकडे बघून हे म्हणाले. स्टाफरूममध्ये कुणीतरी गालातल्या गालात हसलं.

आदल्या संध्याकाळी पायथ्याच्या वाडीत पोचून शाळेच्या पडवीत झोपलो. सकाळी बाटल्या भरायला निघालो तर वाडीची विहीर कोरडी ठाक. बायका ओढ्यात होत्या. ओढ्याच्या पात्रात त्यांनी कमरेइतका झिरा खणला होता, त्यात तळाला पाणी पाझरायचं आणि एकजण आत उतरून करवंटीने ते गोळा करायची. वर हंड्यांची रांग. पहाटेपासून बसल्या होत्या. हेडसर रांगेच्या पुढे गेले. "बाई, आम्ही हायस्कुलातले. गडावर निघालोय. आमच्या बाटल्या तेवढ्या भरून घेतो."

"भरा की मास्तर," आतली बाई म्हणाली.

एका म्हातारीची कळशी त्या वेळी लागलेली होती. पहाटेपासून बसून तिचा नंबर आला होता. तिने ती मुकाट्याने बाजूला सरकवली. सहा बाटल्या भरेपर्यंत झिऱ्याचा तळ दिसायला लागला. करवंटी दगडावर खरवडत होती तो आवाज मला अजून आठवतो. सहावी बाटली माझी होती. मी ती उजेडात धरून पाहिली, बोटभर कमी वाटली, आणि मी त्या बाईला म्हटलं, "अजून थोडं." हे मला कुणी सांगायला लावलं नव्हतं. तिने दिलं. मास्तर लोकांना नाही म्हणायची त्या लोकांना सवय नव्हती आणि आम्हाला ते ऐकायची.

आम्ही पडवीत बसून पोहे खाल्ले. मग निघालो. हेडसर आणि तिघे कायमचे शिक्षक मोकळ्या हातांनी पुढे, आम्ही दोघे सामान घेऊन मागे. हा त्या डोंगरातला रानाचा भाग. एरवी मे महिन्यातही तिथे सावली असते, पण त्या वर्षी झाडं नुसते सांगाडे झाली होती. जांभळीला पान नव्हतं, करवंदं मिऱ्याएवढी होऊन वाळली होती आणि कारवीच्या काटक्या अंगावर ओरखडे काढत होत्या. पहिली चढण संपायच्या आत माझा घसा कोरडा पडला. मी कारवीच्या आड गेलो, पाठ फिरवली आणि बाटली तोंडाला लावली. पाणी चहासारखं कोमट झालं होतं. प्यायला लागलो तो थांबताच येईना. अर्धी संपवली तेव्हा भानावर आलो. वळून पाहिलं तर जोडीदार वाटेवर उभा होता.

"घ्या की," तो म्हणाला, "मी तिकडं बघतो." आणि खरंच दरीकडे तोंड करून उभा राहिला.

मला त्याचा राग आला. त्याने ओरडायला हवं होतं, निदान हसायला हवं होतं. सज्जन माणसं दुसऱ्याला फार अडचणीत आणतात.

पुढे मोठ्या कड्याखालून आडवी वाट जाते. तिथे ती कळशीवाली म्हातारी बसलेली दिसली. आम्ही पोहे खाईपर्यंत ती निघाली होती. झिरा परत भरायला दुपार झाली असती, म्हणून गडावरच्या टाक्यातून पाणी आणायला निघाली होती, आणि इथे तिचे पाय गेले होते. रिकामी कळशी मांडीवर धरून बसली होती. ओठ पांढरे पडलेले. पुढे गेलेले चौघे तिच्या अंगावरूनच गेले असणार, दुसरी वाटच नव्हती.

जोडीदाराने गाठोडं खाली ठेवलं आणि बाटलीचं बूच काढलं.

"अहो, काय करताय?" मी म्हटलं. "वर हेडसर..."

"हे पानी हिचंच हाय," तो म्हणाला. म्हातारीचं डोकं धरून त्याने तिला घोट घोट पाजलं. ती सावरल्यावर उरलेलं सगळं तिच्या कळशीत ओतलं, बाटली उपडी करून झटकली. "आजी, तेवढं घेऊन खाली जावा. वर नका येऊ, ऊन लई हाय." म्हातारीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि कळशी छातीशी धरून उतरायला लागली. माझ्याही बाटलीत अर्धं पाणी होतं. मी बूच घट्ट आहे का ते पाहिलं.

थोडं चालल्यावर मी विचारलं, "सर विचारतील तेव्हा काय सांगणार?"

"संपलं म्हनून सांगीन."

"म्हातारीचं सांगा की."

तो हसला. "पाजलेलं पानी आपल्या तोंडानं बोलून दाखवू न्हाई. आमची आई म्हनायची, बोललं का ते पानी न्हाई ऱ्हात, उपकार हुतो." मग म्हणाला, "तुमी हाय की. तुमी बघितलंय. तुमी सांगा सरांना."

"हो, सांगतो ना," मी म्हटलं. त्या क्षणी मला खरंच सांगायचं होतं. निदान मी तसं धरून चाललोय.

गडाच्या देवळाजवळ पोचलो तेव्हा पुढचे चौघे कोकणकड्याकडे निघून गेले होते. जोडीदाराने मला हाताला धरून बाजूला नेलं. एका कपारीच्या आत दगडात खोदलेलं लहानसं टाकं होतं. वाडी-वस्तीवरच्या माणसांनाच ठाऊक असतं तसलं, त्याला लहानपणापासून माहीत होतं. वाकून आत हात घातला तर बर्फासारखं पाणी. आम्ही दोघे ओंजळीने प्यायलो, तोंडं धुतली. मग मी माझ्या बाटलीतलं उरलेलं कोमट पाणी ओतून दिलं आणि बाटली गळ्यापर्यंत भरली. कानाशी धरून हलवली. आवाज नाही.

"तुमीही..." मी म्हटलं, आणि त्याची बोली माझ्या तोंडात आली म्हणून मीच चपापलो. "तुम्हीही भरून घ्या."

"सरांनी खालचं पानी वर आनायला सांगितलंय. हे वरचं हाय. फसवनूक हुईल ना." माझ्या भरलेल्या बाटलीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. मी दुसऱ्यांदा आग्रह केला नाही. पहिल्यांदा केला तो का, याचाच मला पुढे पस्तावा झाला असता, त्याने ऐकलं असतं तर.

देवळापासून कडा अर्ध्या तासावर. ती वाट मी चालत होतो आणि डोक्यात एकच हिशेब: त्याची बाटली रिकामी, माझी भरलेली. म्हातारीचं सांगितलं तर हेडसर काय करतील? कदाचित त्याच्या पाठीवर थाप मारतील. त्या माणसाचं काही सांगता येत नसे. आणि थाप मारली तर माझं काय? मुलीच्या वडिलांचा चेहरा डोळ्यांसमोर आला, वडिलांचे हंगामी आंबे आठवले. कडा येईपर्यंत माझं ठरलं होतं. वाऱ्यावर, उन्हावर किंवा वयावर मी हे ढकलत नाही. मी विचार करून ठरवलं.

कोकणकडा म्हणजे जमीन एकदम संपते. वाटीसारखा आत वळलेला कडा, खाली कोकण. हेडसर कड्याच्या काठावर उभे राहून वाळलेलं गवत खाली टाकत होते आणि वारा ते उलट वर आणून त्यांच्या डोक्यावर उधळत होता. चेहरा लहान मुलासारखा झाला होता. आम्हाला पाहिल्यावर तो चेहरा गेला. "या. बाटल्या काढा."

तिघा कायमच्यांच्या बाटल्या त्यांनी नुसत्या हातात घेऊन परत दिल्या. माझी कानाशी धरून हलवली. "शाबास." मग जोडीदाराची घेतली. हातात घेतल्याबरोबर भुवया वर गेल्या. बूच काढून बाटली उपडी धरली. एक थेंब खडकावर पडला आणि लगेच वाळला.

"उथळसुद्धा नाही हो! इथे तर विहीरच कोरडी," हेडसर म्हणाले. तिघे हसले. "कुठे गेलं पाणी?"

"संपलं सर," तो म्हणाला आणि माझ्याकडे पाहिलं. अगदी निवांत पाहिलं. पुढचं काम माझं होतं असं.

हेडसरही माझ्याकडे वळले. "तुम्ही यांच्याबरोबर होतात. सांडलं की प्याले?"

"मी थोडा पुढे होतो सर," मी म्हटलं. मग वाटलं, एवढ्याने भागणार नाही. "पण दोन-तीनदा थांबून पिताना दिसले."

माझं पाणी टाक्यातलं होतं हे जोडीदाराला माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर मी तिथेच संपलो असतो. मी वाट बघत उभा होतो. त्याने फक्त मान खाली घातली आणि भाकऱ्यांचं गाठोडं सोडायला बसला.

"आज यांना पाणी नाही," हेडसरांनी जाहीर केलं. "आपलं आपण पिऊन बसलेत." मग माझी बाटली उचलून स्वतः तोंडाला लावली. एक मोठा घोट घेतला, थांबले, बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "छान," म्हणाले आणि बूच लावून बाटली मला परत दिली. बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी होती. जोडीदाराने कोरडी भाकरी चावून चावून खाल्ली. एकदा ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. माझी बाटली माझ्या मांडीला टेकून होती. एका कायमच्या शिक्षकाने विचारलं, "द्यायचं का त्याला घोटभर?" आणि मी म्हटलं, "सर रागावतील." हेडसर तेव्हा कड्यावर गवत उडवत होते, त्यांनी ऐकलंही नसतं.

जूनमध्ये मला कायमची ऑर्डर आली. त्याला शाळा उघडायच्या आदल्या दिवशी बोलावून सांगितलं. व्हरांड्यात तो मला भेटला. त्याने विचारलं, "तुमी तसं का बोलला?"

"कसं?" मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि मैदानातून निघून गेला. त्याने केलेला मातीचा ढीग अजून तिथे होता, त्याला वळसा घालून गेला.

साखरपुड्याला नगरला निघालो त्या दिवशी एस.टी. एका दुष्काळी कामाजवळ थांबली. रस्त्यावर खडी पसरलेली होती. कडेला नवरा-बायको समोरासमोर बसून दगड फोडत होते, मध्ये लुगड्याची सावली. हातोडी उचलताना त्याने वर पाहिलं. आमच्यात दहा हातांचं अंतर नसेल. शेजारचा उतारू मला म्हणाला, "लई धूळ येती बगा." मी म्हटलं, "हो ना," आणि खिडकीची झडप खाली ओढली.

त्यानंतर हेडसर निवृत्त होईपर्यंत मी त्यांचा उजवा हात होतो. कुठल्या हंगामीला काढायचं असलं की निरोप सांगायला मला पाठवायचे. कुणाविरुद्ध अहवाल लिहायचा असला की मजकूर ते सांगायचे आणि सही माझी. शिपायाला एकदा न केलेल्या चोरीबद्दल घरी बसवलं, त्यातही साक्षीदार मीच. मला वाटायचं, सरांचा माझ्यावर विश्वास आहे. बायकोलाही मी तसंच सांगायचो, आणि ती शेजारणींना सांगायची.

त्यांच्या निरोप समारंभानंतर हार-तुरे टेबलावर पडलेले, आम्ही दोघेच खोलीत होतो. त्यांनी कपाटातून त्या सहा बाटल्या काढून माझ्यापुढे ठेवल्या. "या आता तुमच्या." मी काहीतरी कृतज्ञतेचं बोलायला लागलो. त्यांनी हाताने थांबवलं.

"कोकणकड्यावर तुमचं पाणी गार होतं," ते म्हणाले.

मी उचललेली बाटली परत टेबलावर ठेवली.

"मे महिन्यात तीन तास उन्हातून आलेलं पाणी गार असतं का हो? अल्युमिनियमच्या बाटलीत?" ते अगदी शांतपणे हार गुंडाळत होते. "आणि उतरताना तुम्ही सगळे पुढे गेलात. वाडीत मला ती म्हातारी भेटली. त्या मास्तरला देव भलं करील म्हणाली."

"मग सर... त्याला का नाही ठेवलंत?" मी विचारलं.

"त्याला ठेवलं असतं तर कधीतरी त्याने मला नाही म्हटलं असतं." त्यांनी चष्मा पुसला आणि माझ्याकडे बघून हसले, वाईट नव्हे, आपल्या माणसाकडे बघून हसावं तसे. "तुम्ही म्हणणार नव्हतात."

तेव्हा तरी काही बोलायला हवं होतं. ती बाटली उचलून भिंतीवर मारता आली असती. ते निवृत्त झाले होते, माझं काही वाकडं करू शकत नव्हते. तोंडात शब्द आलेही होते.

"खरं आहे सर," मी म्हटलं. "चहा मागवू का?"